हिरव्या पट्ट्याचा चेहरा

एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षणासाठी आम्ही गेलो होतो. काम आटोपल्यावर व्हरांड्याच्या भिंतीवर लावलेली मुलांची चित्रे पाहत उभे होतो. सहावीतल्या एका मुलीने आपल्या आजीचे चित्र काढले होते. नऊवारी लुगडे, कपाळावर गोंदण, पुढ्यात सूप. आणि चेहऱ्याची एक बाजू चक्क हिरवी. खाली लाल शाईत शेरा होता : ‘चेहऱ्याचा रंग चुकला.’ मुलगी जवळच उभी होती. तिला विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, ‘आजी पडवीत बसते ना, तिथे वर हिरवा पत्रा आहे.’

अर्धपारदर्शक हिरव्या पत्र्यातून गाळून येणारा प्रकाश हिरवाच असणार, आणि तो गालावर पडला तर गालावरून डोळ्याकडे परतणाऱ्या प्रकाशातही हिरव्याचे प्रमाण जास्त असणार. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या मुलीचे निरीक्षण बिनचूक होते. आपल्यासारख्या मोठ्यांना तो हिरवेपणा सहसा जाणवत नाही, कारण मेंदू भोवतालच्या प्रकाशाच्या रंगाची वजाबाकी करत असतो. म्हणून तर पिवळ्या बल्बखालीही वहीचा कागद आपल्याला पांढराच वाटतो. या गुणाला रंगस्थैर्य म्हणतात. तो फार उपयोगी गुण आहे. पण त्याच्यामुळेच ‘चेहऱ्याचा रंग’ नावाची एक ठरावीक वस्तू असते असा आपला समज होतो. खडूंच्या पेटीत तर त्या नावाचा एक खडूही मिळतो. तो फिकट गुलाबी-पिवळा खडू वर्गातल्या एकाही मुलाच्या हाताला जुळत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या शेऱ्यावरून आम्हाला एका प्रसिद्ध चित्राची आठवण झाली. त्यातही चेहऱ्यावर हिरवा रंग आहे. पण तिथे वर हिरवा पत्रा नव्हता. तिथला हिरवा रंग चित्रकाराने जाणूनबुजून लावलेला आहे, आणि तरीही चेहरा चेहराच राहतो. असे का होते, याचे उत्तर डोळ्याच्या आणि मेंदूच्या रचनेत सापडते.

चित्रकार आंरी मातिस. जन्म १८६९ सालचा, फ्रान्समधला. १९०५ च्या उन्हाळ्यात, पस्तिशीत असताना, तो आपला तरुण मित्र आंद्रे देरँ याच्याबरोबर भूमध्य समुद्राकाठच्या कोलियूर या मच्छीमारांच्या गावी राहिला. तिथल्या लख्ख उन्हात दोघांनी तांबडे, हिरवे, जांभळे रंग जवळजवळ ट्यूबमधून काढल्यासारखे शुद्ध वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये भरलेल्या शरद प्रदर्शनात मातिसने आपल्या पत्नीचे, आमेलीचे, ‘हॅट घातलेली स्त्री’ हे व्यक्तिचित्र मांडले. आमेलीने काही वर्षे हॅटचे दुकान चालवले होते, तेव्हा हॅट थाटाची आहे यात नवल नाही. पण चेहऱ्यावर हिरव्या, पिवळ्या, जांभळट रंगांचे फराटे होते. लोक चित्रासमोर उभे राहून हसत. लुई व्होसेल या समीक्षकाने त्या दालनातल्या चित्रकारांची तुलना रानटी श्वापदांशी केली. फ्रेंचमध्ये श्वापदांना ‘फोव्ह’ म्हणतात. तेच नाव या चित्रशैलीला कायमचे चिकटले. चित्र मात्र विकले गेले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या लेओ स्टाइन या अमेरिकन संग्राहकाने ते ५०० फ्रँकला घेतले. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मातिसने आमेलीचे दुसरे, बरेच लहान चित्र रंगवले. उंची सुमारे चाळीस सेंटिमीटर, म्हणजे फुटपट्टीपेक्षा थोडी जास्त. आता हॅट नाही, पंखा नाही, हातमोजे नाहीत. समोरून पाहणारा चेहरा, डोक्यावर बांधलेल्या निळ्या-काळ्या केसांचा गोळा, जाड गडद भुवया. मागे खोली नाही, खिडकी नाही. फक्त हिरवा, जांभळट आणि नारिंगी-तांबडा असे तीन रंगांचे तुकडे. चेहऱ्याची एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबी. आणि दोहोंच्या मध्ये, केसांपासून कपाळावरून थेट नाकावर उतरणारा एक रुंद हिरवा पट्टा. चित्र त्या पट्ट्याच्याच नावाने ओळखले जाते, आणि ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

हे चित्र छापील पुस्तकात किंवा मोबाईलवर मिळवून विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘हे काय!’ अशीच असते. पण थोडा वेळ पाहू दिले की कुणीतरी म्हणतेच, ‘बाई जरा करारी दिसते, नाही?’ पट्टा आहे, रंग खोटे आहेत, आणि तरी आपण त्या बाईच्या स्वभावाबद्दल बोलू लागलेलो असतो.

रंगछटा आणि उजळपणा

रंग म्हटला की आपल्या मनात लाल, निळा, हिरवा असे शब्द येतात. ही झाली रंगछटा. पण प्रत्येक रंगाला आणखी एक गुण असतो : तो किती उजळ किंवा किती गडद आहे. पिकलेले लिंबू आणि वांगे यांत रंगछटेचा फरक आहे तसा उजळपणाचाही आहे. कृष्णधवल छायाचित्रातही लिंबू पांढरट आणि वांगे काळपट येते. उलट काही लाल आणि काही हिरवे असे असतात की रंगीत छापील पानावर ते एकमेकांच्या अंगावर धावून येतात, आणि त्याच पानाची झेरॉक्स काढली तर दोन्ही सारखेच करडे होतात.

डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्या अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. मेंदूकडे मात्र या तिघींचे संदेश जसेच्या तसे जात नाहीत. दृष्टिपटलातच त्यांची बेरीज-वजाबाकी होते. लांब आणि मध्यम लांबीच्या पेशींचे संदेश मिळवले की उजळपणा मिळतो. वजा केले की तांबडे-हिरवे हा फरक मिळतो. आणि आखूड लांबीच्या पेशींचा संदेश या बेरजेशी ताडून पाहिला की निळे-पिवळे. दृष्टिपटलावरच्या शंकुपेशी आणि दंडपेशी मिळून बारा कोटींहून अधिक, आणि मेंदूकडे जाणारे तंतू मात्र सुमारे दहा लाख. एवढ्या अरुंद वाटेने माहिती पाठवायची तर असा हिशेब करणे भागच आहे.

उजळपणाची वाट रेषा, कडा, खोली, हालचाल, छाया-प्रकाश यांची कामे प्रामुख्याने सांभाळते. वस्तूचा आकार गोल आहे की सपाट, नाक पुढे आले आहे की नाही, हे आपण मुख्यतः तिच्यावरून ठरवतो. रंगछटेची वाट त्या मानाने भरड असते. तिला बारीक तपशील दिसत नाही.

याचा पुरावा आपल्या घरातच होता. भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते, आणि रंगीत कार्यक्रम त्यांवर विनातक्रार दिसत. त्याचे कारण रंगीत प्रक्षेपणात उजळपणाचा संकेत वेगळा आणि रंगछटेचा वेगळा पाठवत असत. जुना संच दुसऱ्याकडे दुर्लक्ष करी. उजळपणा काढताना हिरव्याला ५९, तांबड्याला ३० आणि निळ्याला अवघा ११ टक्के वाटा दिलेला असे. शुद्ध निळा रंग एवढा गडद का वाटतो, ते यावरून लक्षात येईल. याहून गमतीची गोष्ट म्हणजे उजळपणाच्या संकेताला सुमारे ५ मेगाहर्ट्झ जागा मिळे, तर रंगछटेला जेमतेम १.३. म्हणजे पडद्यावरचे रंग खरे तर पुसट, कडांबाहेर सांडलेले असत. कुणाच्याही ते लक्षात आले नाही! मोबाईलमधले छायाचित्र साठवतानाही बहुधा हीच युक्ती वापरतात.

स्वस्त छपाईच्या काड्यापेटीवर देवाच्या पितांबराचा पिवळा रंग रेषेबाहेर गेलेला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रेषा जागेवर असेल तर डोळा तो रंग आपोआप पितांबरात ओढून घेतो. राउल द्यूफी या मातिसच्या समकालीन चित्रकाराने तर रंग एकीकडे आणि रेषा दुसरीकडे टाकण्याचीच शैली केली.

आता पुन्हा मातिसकडे येऊ. हार्वर्ड विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी चित्रकला आणि दृष्टी या विषयावर बरेच लिहिले आहे. ‘हॅट घातलेली स्त्री’ या चित्रातले रंग विचित्र असले तरी त्यांचा उजळपणा चेहऱ्याला साजेसा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली की फराटे बरेचसे नाहीसे होतात, आणि छाया-प्रकाश पडलेला एक साधा चेहरा उरतो. म्हणजे मातिसने रंगछटेला मोकळे सोडले, पण उजळपणाची शिस्त मोडली नाही. हिरव्या पट्ट्याच्या चित्रातही पट्टा कुठे आहे ते पाहा. तो गालावर वाटेल तिथे ओढलेला नाही. बाजूने प्रकाश पडलेल्या चेहऱ्यावर उजेड आणि सावली यांची सीमा जिथून जाते, त्या जागी तो आहे. जुन्या पद्धतीचा चित्रकार एक बाजू उजळ आणि एक बाजू गडद करून नाकाला उठाव देतो. मातिसने एक बाजू पिवळसर, एक गुलाबी केली आणि सीमेवर हिरवा ठेवला.

चेहरा ओळखायला रंगछटा किती कमी लागते, याचे प्रयोगही झालेले आहेत. फिल्मच्या काळात स्टुडिओतून मिळालेल्या निगेटिव्हमध्ये आपल्याच घरातली माणसे ओळखताना होणारी तारांबळ जुन्या वाचकांना आठवेल. निगेटिव्हमध्ये प्रत्येक रेषा जिथल्या तिथे असते. फक्त उजळाचे गडद आणि गडदाचे उजळ झालेले असते. तेवढ्यानेच ओळख बुजते. रिचर्ड केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. चेहऱ्यांच्या छायाचित्रांत फक्त रंगछटा उलट्या केल्या, उजळपणा तसाच ठेवला, तेव्हा लोकांना ओळखायला विशेष अडचण आली नाही. उजळपणा उलटा केला तेव्हा मात्र ओळख कोलमडली. मातिसने नव्वद वर्षे आधी जे केले होते, त्यातला पहिला अर्धा भाग हाच.

साधेपणाचा हिशेब

दुसरा प्रश्न कमी तपशिलाचा. चित्रात पापण्यांचे केस नाहीत, सुरकुत्या नाहीत. ब्रशच्या मोजक्या रुंद फटकाऱ्यांत चेहरा उभा आहे. एवढे पुरते कसे?

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले पवन सिन्हा यांनी चेहऱ्यांचा अभ्यास करताना एक सोपी गोष्ट हेरली. प्रकाश कुठूनही येवो, डोळ्यांच्या खोबणी कपाळापेक्षा आणि गालांपेक्षा जवळजवळ नेहमीच गडद असतात. उजळपणाचे नेमके आकडे बदलतात. कोण कोणापेक्षा गडद, हे नाते बदलत नाही. अशी डझनभर नाती जपली तर अगदी भरड ठिपक्यांतूनही चेहरा ‘चेहरा’ म्हणून ओळखू येतो. मातिसने भुवया आणि डोळे गडद ठेवले, कपाळ आणि गाल उजळ ठेवले. बाकी गाळले.

पण साधेपणा म्हणजे नुसती बाह्यरेषा नव्हे, आणि इथे शिक्षकांचीही गल्लत होते. छायाचित्रावर पातळ कागद ठेवून चेहऱ्याच्या रेषा हुबेहूब गिरवल्या, तर मिळणारे चित्र ओळखायला आश्चर्य वाटावे इतके कठीण असते. व्हिकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले की त्याच रेषांमध्ये केसांसारखे गडद भाग काळे भरले की ओळख एकदम सुधारते. मातिसच्या आमेलीच्या डोक्यावरचा निळा-काळा केसांचा गोळा काढून टाकला आहे अशी कल्पना करून पाहा.

हा साधेपणा त्याला फुकट मिळालेला नाही. पुढे १९४१-४२ मध्ये, आजारातून उठल्यावर, त्याने रेखाचित्रांच्या मालिका केल्या. प्रत्येक मालिकेत आधी एक कोळशाचे चित्र : काढलेले, पुसलेले, पुन्हा काढलेले. ते मनात मुरल्यावर मग पेन किंवा पेन्सिलने, न थांबता, चारदोन रेषांत तोच विषय अनेकदा. या मालिका १९४३ साली पुस्तकरूपाने निघाल्या. त्यातले शेवटचे पान पाहून ‘हे तर मीही काढीन’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले कोळशाचे पानही दाखवावे.

हिरवाच का?

उजळपणा सांभाळला की झाले, तर पट्टा तपकिरी का नाही? इथे शेजाऱ्याचा परिणाम येतो. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात १८२४ पासून मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचा प्रमुख होता. काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही, अशी विणकरांची तक्रार आली. शेव्रलने रंग तपासला. तो उत्तम होता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताचा. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. (शेव्रल १०२ वर्षे जगला, आणि त्याच्या रंगचक्रावर चित्रकारांच्या दोन पिढ्या वाढल्या.) हिरव्याशेजारी गुलाबी अधिक गुलाबी दिसतो. मातिसच्या पट्ट्यामुळे शेजारच्या गालात रक्त आल्यासारखे वाटते, ते यामुळे.

ही गोष्ट जुन्या चित्रकारांनाही ठाऊक होती. चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहरा रंगवताना आधी ‘हिरवी माती’ या खनिज रंगाचा थर देत आणि त्यावर गुलाबी रंगाचे बारीक फटकारे. त्वचेतल्या रक्ताच्या हिमोग्लोबिनने हिरवा प्रकाश शोषल्यामुळे त्वचा तांबूस दिसते; आणि खालच्या हिरव्यामुळे वरचा गुलाबी जिवंत वाटतो. काही चित्रांत वरचा थर झिजल्यामुळे आज मेरी आणि संत मंडळी हिरवट दिसतात. म्हणजे चेहऱ्याखाली हिरवा पूर्वीपासून होताच. मातिसने तो वर आणून ठेवला.

शेव्रलचा नियम त्याला पॉल सिन्याक या चित्रकाराकडून आला. सिन्याक शुद्ध रंगांचे ठिपके शास्त्रशुद्ध रीतीने मांडत असे. १९०४ चा उन्हाळा मातिसने त्याच्या सहवासात काढला, ठिपक्यांचे मोठे चित्र केले, आणि वर्षभरात ती पद्धत सोडली. आम्हा विज्ञानातल्या माणसांना हे थोडे खटकते. पण खरे सांगायचे तर ठिपक्यांचा नियम काटेकोर पाळणाऱ्यांची बरीच चित्रे निर्जीव वाटतात. वर सांगितलेले सगळे प्रयोग हिरव्या पट्ट्याचे चित्र का मोडत नाही, एवढेच सांगतात. ते चांगले का आहे हे सांगत नाहीत. अनोळखी रंग पाहताना मेंदूत काय घडते, याचा एक धागा मात्र लंडनच्या सेमिर झेकी आणि लुडोव्हिका मारिनी यांच्या १९९८ च्या प्रयोगात सापडतो : नेहमीच्या रंगातल्या वस्तू पाहताना स्मृतीशी संबंधित भाग कामाला लागतात, तर विचित्र रंगातल्या वस्तू पाहताना त्यांऐवजी मेंदूच्या पुढच्या बाजूचा, ताडून पाहण्याशी संबंधित भाग. ‘हे काय!’ या उद्गाराचा पत्ता बहुधा तोच असावा.

आणखी एक सावधगिरी. मातिसची चित्रे आज आपण पाहतो ती त्याने रंगवली तशीच असतील असे नाही. फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहातल्या त्याच्या १९०५-०६ च्या एका मोठ्या चित्रातला कॅडमियम पिवळा काही ठिकाणी फिकट पांढरट, तर काही ठिकाणी तपकिरी झाला आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासल्यावर असे आढळले की प्रकाशामुळे कॅडमियम सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन पांढरे कॅडमियम सल्फेट तयार झाले आहे. रंगछटा गेली, आणि उजळपणाचा तोलही बदलला.

वर्गात करून पाहण्यासाठी

आधी शेव्रलचा प्रयोग. लाल पुठ्ठ्यावर करड्या कागदाचा बोटाएवढा तुकडा चिकटवा आणि वर पातळ ट्रेसिंग कागद ठेवा. करडा तुकडा हिरवट दिसू लागेल. कागद काढला की परिणाम कमी होतो, ही त्यातली गंमत.

मग वर्गाचे दोन गट करा. सर्वांच्या ओळखीच्या व्यक्तींची कृष्णधवल छायाचित्रे द्या. पहिल्या गटाने पोस्टर रंगांत हवी ती रंगछटा वापरावी, हिरवे कपाळ, निळी हनुवटी, काहीही; पण प्रत्येक जागचा उजळपणा छायाचित्राबरहुकूम ठेवावा. दुसऱ्या गटाने नेहमीचे तपकिरी-गुलाबी रंग घ्यावेत, पण उजळपणा उलटा करावा : डोळ्यांच्या खोबणी उजळ, कपाळ गडद. रंगाचा उजळपणा तपासायला मोबाईलच्या कॅमेऱ्यातली कृष्णधवल सोय पुरते. संधिप्रकाशात पाहून तपासू नका. त्या वेळी दंडपेशी काम करतात आणि त्यांना लाल रंग फारच काळा दिसतो. चित्रे दुसऱ्या वर्गाला दाखवा आणि किती ओळखली गेली ते मोजा.

वर्गात एखाद्या मुलाला लाल-हिरवा भेद कमी कळत असण्याची शक्यता असते. त्याला या प्रयोगातून वगळू नका. पहिल्या गटात घ्या. रंगछटेच्या मोहात न पडता उजळपणा पारखण्यात असे मूल अनेकदा इतरांपेक्षा सरस ठरू शकते. फक्त अशांपैकी काहींना लाल रंग इतरांपेक्षा बराच गडद दिसतो, म्हणून त्याच्या चित्रातले लाल भाग कॅमेऱ्यातून एकदा पाहून घ्यावेत.